मुनवर उतरून झालं, आता पुढे काय? सँडबॉक्समध्ये स्वतःचं काम शोधताना

प्रश्न थोडक्यात असा: कर्बल स्पेस प्रोग्राम या रॉकेट बांधून उडवण्याच्या खेळात सँडबॉक्स मोड निवडला, कक्षेत पोचणं जमलं, मुनवर (म्हणजे कर्बिन या घरच्या ग्रहाच्या चंद्रावर) उतरून परत येणंही जमलं. आता गेम उघडला की असेंब्ली बिल्डिंगमध्ये दहा मिनिटं भाग चाळायचे आणि बंद करायचं, एवढंच होतं. पुढे नेमकं काय करावं?

याला हमखास मिळणारं उत्तर म्हणजे "ड्यूनाला जा". जायला हरकत नाही, पण ड्यूनाहून परत आलात की हाच प्रश्न पुन्हा समोर येतो. सँडबॉक्समध्ये सगळे भाग पहिल्या मिनिटापासून हाताशी असतात, पैशाची चणचण नाही, वजनाला मर्यादा नाही आणि तुम्ही गेलात काय, न गेलात काय, कुणाचं काही अडत नाही. मग नकाशावरचं प्रत्येक ठिकाण सारखंच वाटू लागतं. ड्यूना आणि ईव्ह या दोन ग्रहांत फरक उरतो तो फक्त डेल्टा-व्हीच्या, म्हणजे एकूण वेग किती बदलावा लागतो त्याच्या, आकड्यांचा. म्हणून ठिकाण निवडण्याआधी काम निवडा आणि कामाला अट घाला. अट नसली की मोठं रॉकेट बांधून कुठलाही प्रश्न सुटतो, आणि तसा सुटलेला प्रश्न लक्षातही राहत नाही.

खालचे सगळे आकडे कुठलाही मोड (खेळाडूंनी बनवलेली भर) न टाकलेल्या १.१२ आवृत्तीचे आहेत.

सुरुवात कागदावर करा. मोहीम एका वाक्यात लिहा, आणि त्या वाक्यात चार गोष्टी हव्यात: काय न्यायचं, कुठे, कोणत्या मर्यादेत, आणि काम झालं हे कशावरून ठरवायचं. "ड्यूनाला जायचं" हे असं वाक्य नाही. "चौघांना ड्यूनावर उतरवायचं, परतीची विंडो (ग्रहांची सोयीची मांडणी) येईपर्यंत तिथेच ठेवायचं आणि चौघांनाही जिवंत आणायचं, प्रक्षेपणाच्या वेळी एकही यान १०० टनांपेक्षा जड नको" हे आहे. पहिल्या वाक्यावरून बिल्डिंगमध्ये कुठला भाग उचलावा ते कळत नाही. दुसऱ्यावरून लगेच कळतं, आणि किती याने लागतील हा प्रश्नही आपोआप पडतो.

अट खेळ कसा बदलते ते पाहायला जुनंच काम घ्या, मुनवर उतरण्याचं. मुनच्या खालच्या कक्षेतून उतरायला साधारण ५८० मीटर प्रति सेकंद, पुन्हा कक्षेत यायला ५८० आणि तिथून कर्बिनच्या वातावरणात शिरायला ३१०, म्हणजे लँडरला एकूण १,४७० हवेत. डेल्टा-व्ही काढायचं सूत्र असं: ९.८१ गुणिले इंजिनाचा आयएसपी (ते इंधन किती काटकसरीने वापरतं त्याचा आकडा) गुणिले (भरलेलं वजन भागिले रिकामं वजन) याचा नैसर्गिक लॉगॅरिदम. एकाची जागा असलेला मार्क-१ पॉड, पॅराशूट, उष्मारोधक कवच, सगळ्यांत छोटे पाय आणि किरकोळ सामान मिळून १.३ टन धरा. त्याखाली बहुतेक जण सवयीने एफएल-टी४०० टाकी (भरलेली २.२५ टन, रिकामी ०.२५) आणि टेरियर इंजिन (अर्धा टन, आयएसपी ३४५) लावतात. भरलेलं वजन ४.०५ टन, रिकामं २.०५, डेल्टा-व्ही २,३०४. लागणार होते १,४७०, तेव्हा काम झालं म्हणून बहुतेक जण इथे थांबतात.

आता एकच अट घाला: मुनच्या कक्षेत पोचणारा लँडर ३ टनांच्या आत हवा. टेरियर काढून स्पार्क लावा. त्याचा आयएसपी ३२०, म्हणजे टेरियरपेक्षा वाईट. पण वजन फक्त ०.१३ टन. तीच टाकी ठेवली तर डेल्टा-व्ही २,४६१ भरतो. कमी कार्यक्षम इंजिनाने १५७ मीटर जास्त दिले, कारण ३७० किलो मृत वजन गेलं. छोट्या यानात इंजिनाचं स्वतःचं वजन आयएसपीवर मात करतं, हे यातून एकदा दिसलं की विसरायला होत नाही. पुढची पायरी: टाकी अर्धी करा, एफएल-टी२००, भरलेली १.१२५ आणि रिकामी ०.१२५ टन. भरलेलं वजन २.५५५, रिकामं १.५५५, डेल्टा-व्ही १,५५९. हाताशी ८९ मीटर प्रति सेकंद उरतात.

काम तेच आहे, पण आता उतरताना प्रत्येक सेकंद मोजावा लागतो. उंचावर थांबून थांबून थ्रॉटल मारला तर गुरुत्वाकर्षणावरच इंधन जातं आणि ८९ मीटर पहिल्या दोन किलोमीटरांत संपतात. यान जवळजवळ आडवं ठेवून, एकच सलग बर्न करत, म्हणजे इंजिन चालू ठेवून, उतरायला शिकावं लागतं. १५ किलोमीटरवर कक्षेचा वेग ५५० च्या आसपास असतो आणि स्पार्क या यानाला सुमारे ७.८ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं त्वरण देतं. म्हणजे वेग शून्यावर आणायला १९ ते २० किलोमीटर अंतर लागतं आणि बर्न उतरण्याच्या जागेच्या तेवढा आधी सुरू व्हायला हवा. हे गणित ४ टनांच्या लँडरबरोबर करायची कधी वेळच आली नसती.

याच वाटेने आणखी पुढे जायचं असेल तर करिअर मोडची पहिल्या पातळीची बंधनं सँडबॉक्समध्ये स्वतःवर लादा: बिल्डिंगची मर्यादा ३० भाग, प्रक्षेपण तळाची मर्यादा १८ टन. इंजिनिअर्स रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे दिसतात, त्यामुळे नजरचूक होत नाही. १८ टनांच्या रॉकेटमधून कर्बिनच्या कक्षेत साधारण तीन टन पोचतात. तिथून मुनला जायला ८६०, मुनच्या कक्षेत थांबायला ३१० आणि वर सांगितलेले १,४७०, बेरीज २,६४०. स्पार्कच्या हिशेबाने तीन टनांतले १.३ टनांच्या आतबाहेर शेवटी उरतात, आणि त्यात पॉड, कवच, इंजिन, रिकाम्या टाक्या सगळं बसवायचं. एका उड्डाणात हे जवळजवळ बसत नाही. दोन उड्डाणं करून, कक्षेत जोडून, मग निघायचं म्हटलं तर बसतं.

डॉकिंगचा, म्हणजे कक्षेत दोन याने जोडण्याचा, धडा गिरवून कंटाळलेले पुष्कळ असतात, कारण तो धडा "डॉकिंग शिका" म्हणून दिलेला असतो. १८ टनांची अट घातली की डॉकिंगशिवाय गत्यंतर नसतं. १९६२ साली नासाने अपोलोसाठी चांद्रकक्षेत भेटण्याची पद्धत निवडली तेव्हाही मुद्दा वजनाचाच होता. अख्खं यान चंद्रावर उतरवून पुन्हा उचलायचं तर सॅटर्न-५ पेक्षा बरंच मोठं रॉकेट लागलं असतं, म्हणून परतीचं इंधन आणि कवच कक्षेतच ठेवलं गेलं. तीच युक्ती मुनला लावून पाहा: उष्मारोधक कवच आणि परतीची टाकी वर ठेवा, खाली फक्त लँडर न्या. किती किलो वाचतात ते सूत्रात आकडे घालून आधी काढा आणि मग उडा.

आता दुसऱ्या प्रकारचं काम, जे एका उड्डाणात संपत नाही. संपर्काचं जाळं उभारणं हे त्यातलं सगळ्यांत चांगलं, पण त्यासाठी दोन सेटिंग बदलावी लागतात, नाहीतर सगळी मेहनत शोभेची होते. डिफिकल्टीच्या पर्यायांत जादा ग्राउंड स्टेशन मुळात चालू असतात. ती असताना कर्बिनभोवती सिग्नल पुढे पाठवणाऱ्या रिले उपग्रहांची गरजच पडत नाही. ती बंद करा. नियंत्रणासाठी सिग्नल सक्तीचा करणारा पर्याय चालू करा. आता मुनच्या मागच्या बाजूला गेलेलं मानवरहित यान खरोखर मुकं होतं आणि तुमच्या उपग्रहांना काम मिळतं.

कर्बिनभोवती तीन उपग्रह १२० अंशांवर ठेवायचे, एकाच वाहक यानातून. समकालिक (कर्बिनच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतक्याच कालावधीच्या) कक्षेची उंची २,८६३ किलोमीटर, कालावधी ५ तास ५९ मिनिटं ९ सेकंद. वाहक यान त्या उंचीवर नेऊन गोल करू नका. अपोॲप्सिस (कक्षेचा सगळ्यांत उंच बिंदू) २,८६३ वर आणि पेरिॲप्सिस (सगळ्यांत खालचा) १,२२३ किलोमीटरवर ठेवा. या लांबट कक्षेचा कालावधी ३ तास ५९ मिनिटं २६ सेकंद, म्हणजे समकालिक कालावधीच्या बरोबर दोन तृतीयांश. अपोॲप्सिसला एक उपग्रह सोडा आणि त्याच्या स्वतःच्या इंजिनाने तो गोल कक्षेत आणा. १७० मीटर प्रति सेकंद पुरतात. एक फेरी मारून वाहक यान पुन्हा वर येतं तोवर पहिला उपग्रह २४० अंश पुढे गेलेला असतो. तिथे दुसरा सोडा, पुढच्या फेरीला तिसरा. तिघे आपोआप १२० अंशांवर बसतात.

इथली नेहमीची चूक म्हणजे उंचीचे आकडे जुळवत बसणं. अपोॲप्सिस दोनशे मीटर वरखाली असलं तरी काही बिघडत नाही. कालावधी जुळला पाहिजे. कालावधीत एका सेकंदाचा फरक राहिला तर कर्बिनच्या एका वर्षात, म्हणजे ४२६ दिवसांत, तो उपग्रह सात अंश सरकतो. दहा वर्षं चालणाऱ्या सेव्हमध्ये जाळ्याला भोक पडायला तेवढं पुरेसं आहे. शेवटच्या दुरुस्तीसाठी इंजिनावर राइट-क्लिक करून थ्रस्टची मर्यादा एक-दोन टक्क्यांवर आणा आणि कालावधीचा आकडा बघत हलका स्पर्श द्या.

अँटेना निवडताना आणखी एक सापळा आहे. दोन अँटेनांमधली पोच म्हणजे त्यांच्या क्षमतांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. एचजी-५ या छोट्या रिले अँटेनाची क्षमता ५० लाख, त्यामुळे एचजी-५ ते एचजी-५ पोच ५,००० किलोमीटर. मुन कर्बिनपासून १२,००० किलोमीटरवर. म्हणजे कर्बिनभोवती एचजी-५, मुनभोवती एचजी-५, आणि दोघांची गाठच पडत नाही. पूर्ण क्षमतेच्या ग्राउंड स्टेशनशी मात्र तोच एचजी-५ लाखो किलोमीटरवरून बोलतो, त्यामुळे चूक झाल्याचं बराच वेळ लक्षात येत नाही. अंतराळ केंद्राचा तळ कर्बिनच्या पलीकडच्या बाजूला गेला की संपर्क अचानक तुटतो. कर्बिनभोवतीच्या उपग्रहांवर आरए-२ लावा. एचजी-५ बरोबर त्याची पोच एक लाख किलोमीटर होते, मुन आणि ४७,००० किलोमीटरवरचा दुसरा चंद्र मिनमस दोन्ही त्यात येतात.

जाळ्याचा खरा फायदा असा की ते पुढची कामं मागायला लागतं. मुनच्या मागे खड्डा पडला तर तिथे ध्रुवीय कक्षेत एक रिले हवा, ड्यूनाला जायचं तर त्याच्या आयक या चंद्राभोवती एक हवा, आणि कुठला उपग्रह कशासाठी आहे हे तुम्हाला पाठ असतं.

तिसऱ्या प्रकाराला तर उद्दिष्ट शोधावंच लागत नाही: सुटका. इंधन संपून कुणी मुनवर अडकला की बहुतेक जण एफ-९ दाबून आधीच्या सेव्हवर मागे जातात. दाबू नका. अडकलेला कर्बल (खेळातला अंतराळवीर) हे सँडबॉक्समध्ये मिळू शकणारं सगळ्यांत भक्कम काम आहे, कारण जागा, माणूस आणि अपयशाची व्याख्या तिन्ही आयत्या ठरलेल्या असतात. मूळ खेळात अन्नपाणी संपत नाही, त्यामुळे घाई नसते. हवी असेल तर तारीख तुम्ही ठरवा, साठ दिवस वगैरे.

सुटकेच्या यानात सर्वाधिक होणारी चूक हास्यास्पद वाटते, पण सगळ्यांची होते: रिकामी जागाच नसते. पॉड लावला की बिल्डिंग आपणहून त्यात वैमानिक बसवते. क्रूच्या टॅबमध्ये जाऊन त्याला उतरवा आणि चालवायला प्रोब कोअर लावा. वरच्या अर्ध्या टाकीच्या लँडरला ४० किलोंचा ऑक्टो-२ लावला तर १,५५९ चे १,५२८ होतात. ८९ ऐवजी ५८ मीटर हाताशी. बॅटरी आणि एक सौर पॅनलही विसरू नका, कारण वीज संपलेला प्रोब म्हणजे दुसरी सुटका मोहीम.

अडकलेल्या माणसाजवळ उतरणं ही यातली कला. नकाशावर दिसणारा मार्ग मुनचं फिरणं हिशेबात धरत नाही. विषुववृत्तावर मुनचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे ९ मीटर पूर्वेकडे सरकतो. उतरायला दहा मिनिटं लागली तर माणूस साडेपाच किलोमीटर पुढे गेलेला असतो. शिवाय बर्न सुरू झाला की यान रेषेवरच्या बिंदूच्या बरंच अलीकडे पडतं. तुम्ही पूर्वेकडे फिरत असाल तर दोन्ही चुका एकाच दिशेच्या आहेत, म्हणून मार्गाचं टोक माणसाच्या पुढे, पूर्वेला ठेवा. किती पुढे ते बर्नच्या लांबीवर अवलंबून. एकदा मोकळ्या जागी उतरून पाहा, किती अलीकडे पडलात ते मोजा, तेवढं अंतर पुढच्या वेळी वाढवा. दोन किलोमीटरांच्या आत उतरलात तर उरलेलं अंतर माणूस जेटपॅकने येतो. मिनमसवर तर यान खाली न्यायचीही गरज नाही: तिथून कक्षेत यायला १८० पुरतात आणि जेटपॅकमध्ये ६०० च्या आसपास असतात, तेव्हा माणूसच वर येऊ शकतो. उडण्याआधी कक्षेतल्या यानाला टार्गेट करा आणि ते डोक्यावर यायच्या आधी निघा, नाहीतर तो कक्षेत येतो पण यान अर्धा मुलुख पुढे असतं.

मग ड्यूना. ड्यूनाची गंमत उतरण्यात नसून दिनदर्शिकेत आहे, आणि तिकडे फारसं कुणी बघत नाही. कर्बिनहून निघायची विंडो ड्यूना ४४ अंश पुढे असताना येते आणि ती दर ९०९ दिवसांनी, म्हणजे दोन वर्षं सत्तावन्न दिवसांनी येते. जायला साधारण ३०० दिवस. पोचता त्या वेळी कर्बिन ७५ अंश पुढे निघून गेलेला असतो, परतायला तो ७५ अंश मागे हवा. म्हणजे किमान इंधनात परतायचं तर तिथे सुमारे ५३० दिवस थांबणं आलं. सगळी मोहीम १,१३० दिवसांच्या घरात जाते.

टाइम वॉर्पने, म्हणजे खेळातला काळ भराभर पुढे नेऊन, हे ५३० दिवस दोन मिनिटांत उडवता येतात, आणि तिथेच ड्यूना फिका पडतो. त्याऐवजी विचारा, हे चौघे सव्वा वर्ष काय करणार? लगेच यादी तयार होते. रोव्हर हवा. आयकवर एक फेरी हवी, कारण तो जवळ आहे आणि त्यावर खनिज आहे. खनिज काढून इंधन केलं तर परतीचं इंधन घरून न्यावं लागत नाही, मग १०० टनांची अट झेपू लागते. आणि हे चालू असताना इकडे कर्बिनवर दुसऱ्या मोहिमा त्याच तारखांमध्ये बसवायच्या. १.१२ पासून खेळात अलार्म क्लॉक आहे. प्रत्येक बर्न, प्रत्येक विंडो त्यात टाका आणि अलार्मच्या पुढे वॉर्प करायचं नाही एवढाच नियम पाळा. हा एक नियम सँडबॉक्सला अंतराळ कार्यक्रमाचं रूप देतो. वेळेला किंमत आली की एका यानाची वाट बघताना दुसरं यान बांधायचं कारण मिळतं.

अन्नपाण्याचा मोड न टाकता त्याचं वजन आणायचं असेल तर खनिजाची टाकी भरलेली न्या. खनिजाचं एक युनिट दहा किलोंचं असतं. माणशी दिवसाला दोन किलो धरले तर १,१३० दिवसांना २.२६ टन, म्हणजे २२६ युनिट. चौघांचे नऊ टन झाले. हा आकडा पाहिल्यावर बहुतेकांच्या मोहिमेत माणसं चारावरून दोनवर येतात, आणि तो निर्णय तुमचा असतो, कुणी सांगितलेला नसतो.

या वजनाला नर्व्ह इंजिन आठवणारच: आयएसपी ८००, पण थ्रस्ट ६० किलोन्यूटन आणि स्वतःचं वजन ३ टन. ४० टनांच्या यानाला एक नर्व्ह १.५ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण देतं. ड्यूनाकडे निघायला लागणारे सुमारे १,०६० मीटर मिळवायला बारा मिनिटं लागतात. १०० किलोमीटरच्या कक्षेची फेरीच साडेबत्तीस मिनिटांची, म्हणजे बर्न फेरीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पसरतो आणि नॅव्हबॉलवरची (यानाचा रोख दाखवणाऱ्या गोळ्यावरची) दिशा चुकतच जाते. उपाय जुना आहे. पेरिॲप्सिसला तीन-चार मिनिटं बर्न करा, फेरी पूर्ण करा, पुन्हा तिथेच बर्न करा. दर खेपेला अपोॲप्सिस वर जातं, पण ते मुनच्या कक्षेच्या आत ठेवा, नाहीतर मुनच्या ओढीने सगळा बेत विस्कटतो. शेवटचा धक्का मात्र विंडोच्या दिवशी, ठरलेल्या कोनात. ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालेल्या मंगळयानाने हेच केलं: ४४० न्यूटनच्या इंजिनाने जवळपास महिनाभर कक्षा टप्प्याटप्प्याने उंचावत नेली आणि मग मंगळाकडे वळलं. एखादी खरी मोहीम अशी तिच्या बंधनांसकट पुन्हा करून पाहणं हेही उत्तम काम आहे. प्रतिकृती हुबेहूब दिसण्यापेक्षा इंजिनाची ताकद, टप्पे आणि क्रम खऱ्यासारखे ठेवण्याकडे लक्ष द्या.

उतरण्याबद्दल एकच: ड्यूनाचं वातावरण पन्नास किलोमीटरपर्यंत असलं तरी विरळ आहे. हलक्या यानाला पॅराशूट पुरतात, जड यानाला शेवटच्या काही सेकंदांत इंजिन लागतंच. पॅराशूट वाढवत बसण्यापेक्षा पन्नास-शंभर मीटरचं इंधन राखून ठेवा.

ज्यांना गणितापेक्षा चालवणं आवडतं त्यांच्यासाठी एल्कानो आव्हान आहे, खेळाडूंनीच रूढ केलेलं: एखाद्या गोलाला जमिनीवरून पूर्ण फेरी. मिनमसचा परीघ ३७७ किलोमीटर. २० मीटर प्रति सेकंद वेगाने सव्वापाच तासांचं काम, तेही न उलटता. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या वीसाव्या हिश्श्याएवढं असल्याने प्रत्येक उंचवट्यावर रोव्हर उडतो आणि हवेत कोलांटतो. रुंद आणि बुटका रोव्हर, रिॲक्शन व्हील, आणि उतारावर हाताला आवर. सपाट मैदानांवरून जाणारा मार्ग आधी कक्षेतून पाहून ठरवा.

आता उत्साह कुठे मरतो ते. पहिलं कारण एफ-९. प्रत्येक चुकीला मागे गेलात तर कशालाच परिणाम उरत नाही. पूर्ण बंदीही टिकत नाही, कारण कधीकधी चूक तुमची नसून भौतिकीच्या गोंधळाची असते: जोडलेली याने थरथरून फाटतात, पाय जमिनीत रुततात. चालण्याजोगा नियम असा: प्रत्येक प्रक्षेपणापूर्वी आणि डॉकिंगपूर्वी नावाने सेव्ह करा, आणि मागे फक्त खेळाच्या दोषासाठी जा, स्वतःच्या चुकीसाठी नाही. ज्या यानाची चाचणी हवी ती वेगळ्या सेव्हमध्ये, ऑल्ट-एफ-१२ ने थेट कक्षेत ठेवून करा. खरी अंतराळ संस्थाही सिम्युलेटर वापरतेच.

दुसरं कारण भागांची संख्या. भव्य स्थानक बांधायला घेतलं, तीनशे भाग झाले, वरच्या कोपऱ्यातलं घड्याळ हिरव्याचं पिवळं झालं, प्रत्येक डॉकिंग स्लो मोशनमध्ये चालू लागलं, आणि सेव्ह सोडून दिला. ही गोष्ट फार ठरावीक आहे. स्थानक दीडशे भागांच्या आत ठेवा: चार छोट्या टाक्यांऐवजी एक मोठी, शिडी आणि दिवे मोजून, आणि जोडणी झाल्यावर नको असलेले प्रोब कोअर व थ्रस्टर घेऊन जाणारी टग (ओढून नेणारं छोटं यान) वेगळी. आणि स्थानकाला काम असू द्या. मिनमसवरून येणारं इंधन साठवायला, की ड्यूनाची माणसं बदलायला? कशालाच नसेल तर ते बांधून होईपर्यंतच आवडतं.

तिसरं, दुसऱ्याचं यान उतरवून घेणं. व्हिडिओत पाहून हुबेहूब बांधलेलं यान उडतं, पण त्यातला एकही भाग का आहे ते तुम्हाला माहीत नसतं, म्हणून ते बिघडलं की हात टेकावे लागतात. कल्पना घ्या, आकडे स्वतः काढा.

जूल या ग्रहाचे पाचही चंद्र एका मोहिमेत करण्याचं आव्हान प्रसिद्ध आहे आणि लोक त्याकडे फार लवकर वळतात. तयारी झाली की नाही हे त्यातला टायलो सांगतो. तो आकाराने कर्बिनएवढा, गुरुत्वाकर्षण ७.८५, आणि वातावरण अजिबात नाही. उतरायला सुमारे २,२७० आणि चढायला तेवढेच. टेरियरने हे एकाच स्टेजमध्ये करायचं तर भरलेलं वजन रिकाम्याच्या जवळपास पावणेचौपट हवं, म्हणून उतरणारी स्टेज खाली सोडावी लागते. शिवाय टेरियरचा थ्रस्ट ६०. आठ टनांच्या लँडरला तो उचलूच शकणार नाही. टायलोचा लँडर चाचणीच्या सेव्हमध्ये सलग तीनदा सुखरूप उतरला आणि परत कक्षेत आला, तर जूलचा बाकीचा आराखडा काढायला घ्या. नाहीतर आधी फक्त लेथ हा चंद्र करा. तिथे ऑक्सिजन असल्याने जेट इंजिन चालतं आणि विमान उतरवणं हीच एक स्वतंत्र मोहीम होते.

मूळ ग्रहमालेत खरोखर काही उरलं नाही असं वाटलं तर खऱ्या आकाराच्या सूर्यमालेचा मोड आहे. तिथे कक्षेत पोचायला ३,४०० च्या जागी ९,४०० च्या आसपास लागतात. त्याच्या जोडीने वास्तववादी इंजिनांचा मोड टाकला तर बरीच इंजिनं थ्रॉटल होत नाहीत, मोजक्याच वेळा पेटतात, आणि शून्य गुरुत्वात इंधन टाकीच्या तळाशी बसवल्याशिवाय पेटतच नाहीत. त्यासाठी गेमचं फोल्डर कॉपी करून वेगळं इन्स्टॉलेशन ठेवा. चालू सेव्हवर ते मोड टाकले तर यानं लोड होताना गायब होतील, आणि ड्यूनावर परतीची वाट बघणारे तुमचे चौघे त्यांच्याबरोबर जातील.